पेज, पान आणि गुळाची ढेप

पनवेल, रविवार, जेवणानंतर (या घरात हल्ली जेवणाला ‘नोंद’ म्हणतात)

प्रिय तुळशीराम,

प्रभाकरचा कडकडून नमस्कार. तुझा गुडघा, हौसावहिनींचा खोकला आणि अंगणातला रायवळ आंबा, तिघांची प्रकृती ठीक असेल असं धरून चालतो. माझी विचारू नकोस. ती आधी फोनला कळते, मग दवाखान्याला, मग सूनबाईंना, आणि उरलीच तर मला.

संतापाच्या भरात लिहितोय, अक्षर लावून घे. झालं असं, की साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी मला त्यांच्याकडच्या आहारतज्ज्ञ बाईंकडे धाडलं. नाव मनस्वी, वय आपल्या नातींएवढं, वागायला गोड (गोड म्हणजे मला चालेल एवढीच). मला वाटलं, कागदावर चार ओळी लिहून देईल. तिने माझ्या फोनात अ‍ॅप घातलं! जे खाल ते फोनला सांगायचं, तिकडे तिला दिसतं. बरं खाल्लं तर हिरवं, वाईट खाल्लं तर लाल, आणि लाल झालं की निरोप थेट आमच्या सूनबाई रुचिराच्या फोनवर. त्यात सूनबाईंनी फर्मान काढलं, “बाबा, आठवडाभर हिरवं राहिलं तरच गव्हाणला जायचं.” गेली कित्येक वर्षं मी वैशाखात तुझ्या ओटीवर बसून वहिनींच्या हातची पेज पितो, आणि आता त्याला परवाना!

पहिल्याच सकाळी सांगितलं, “एक वाटी पेज घेतली.” फोनातली बाई म्हणते, “कोणते पेज उघडू?” मी म्हटलं, “अहो, उघडायची नाही, प्यायची.” म्हणे, “हे पेज सापडले नाही.” अरे, सापडणार कशी, पोटात गेली ना! शेवटी माझ्यातला मराठीप्रेमी जागा झाला. म्हटलं, हिला इंग्रजीचाच सोस असेल तर आपण शुद्ध मराठीत उत्तर देऊ. ठणकावून सांगितलं, “बाई, ते पेज म्हणजे पान! पान!” तिने तत्परतेने नोंद केली: न्याहारी नाही, विड्याचे पान एक. लाल! रुचिरा न्हावा शेवा बंदरातल्या ऑफिसातून फोनवर कडाडली, “बाबा, उपाशी पोटी पान खाल्लंत?” पस्तीस वर्षं दातांना कात लागू दिला नाही रे मी!

पण ते परवडलं. खरा घात बुधवारी झाला. दुपारची भाकरी आणि दुधीची भाजी निमूटपणे सांगून झाली, तशी बाई मऊ आवाजात म्हणाली, “आणखी काही?” तुळशीराम, मला एकदम आपला नववीचा वर्ग दिसला. खिडकीतून येणारा वारा, फळ्याजवळ उभा मी, आणि मागच्या बाकावरून तुझी हाळी, “आजून हाय का रं?” राहवलं नाही. तेव्हाची माझी कविता आपसूक ओठांवर आली:

अंगणी आंबे, ओटीवर फणस, मधाचे पोळे दारी,
गुळाची ढेप नि दुधाची चरवी, श्रीमंती ही न्यारी!

बाईंनी सगळं खाण्यात धरलं. आंबे, अख्खा फणस, पोळं, ढेप, चरवी! रुचिराला निरोप गेला, ‘रुग्णाने एक ढेप गूळ सेवन केला आहे.’ ती बिचारी कंटेनरांच्या रांगेतून वाट काढत धावत घरी आली आणि आधी माझे डोळे तपासले, मग स्वयंपाकघरातला गुळाचा डबा. ढेप खाल्लेला माणूस खुर्चीत बसून दुपारचं ऊन बघत असतो का, एवढा साधा विचार नाही!

काल मनस्वीबाई फोनच्या पडद्यावर अवतरल्या. आधी डोळे पुसेपर्यंत हसल्या. मग बोट टोचून मोजलेले साखरेचे आकडे पाहिले. ते उतरलेत. म्हणाल्या, “काका, छान चाललंय. पेजेची नोंद मी स्वतः करून घेते. गव्हाणला जा, वाटीभर पेज चालेल, फक्त तिथूनही रोज फोनला सांगायचं.” इथवर ठीक. मी खुशीत दुसरं कडवं सुरू केलं, तर म्हणतात, “काका, बाहेर पेशंट थांबलेत.” आणि पडदा काळा! कडव्याच्या मध्यावर! याला काय उपचार म्हणायचं? निनादकडे तक्रार केली, तर चिरंजीव ताटावरून उठता उठता म्हणाले, “हो बाबा, ऐकतोय.”

तेव्हा मी येत्या शनिवारी येतोय. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा संतापलेला
प्रभाकर

ता.क. पेज उकड्या तांदळाचीच हवी. आंब्याची फोड पुढे करू नकोस, दाखवूही नकोस.

ता.क. दुसरा. तुझ्या ओटीवर फोनला रेंज येते का? अ‍ॅपसाठी नव्हे, त्या यंत्राचं तोंड पाहायची इच्छा नाही. पण रोज रात्री नोंद संपली की ती फोनातली बाई विचारते, “आणखी काही?” तिसऱ्या कडव्यापर्यंत पोचलोय. गुळाचे उल्लेख वगळून म्हणतो.

ता.क. तिसरा. रेंज येत नसेल तर उत्तमच. मग मागच्या बाकावर तू बस.