दोन्हीकडून होकार

१० नोव्हेंबर
आजपासून रोजनिशी. कारण तसंच आहे. दोन्ही विद्यापीठांची पत्रं एकाच दिवशी आली. समाजविकास, मास्टर्स, जानेवारीपासून. एक ढाक्याचं, एक चितगावचं. दोन्ही खासगी, दोन्ही मला घ्यायला तयार. आमचं फेनी मधे पडतं, त्यामुळे इकडची बस धरायची की तिकडची, एवढंच ठरवायचं आहे.

घरातली पहिली पदवीधर मी. निर्णय माझा, एकटीचा, तर्काने. कुणालाही विचारणार नाही.

संध्याकाळी
आम्माला सांगितलं. विचारलं नाही, फक्त सांगितलं, की ढाका आणि चितगाव, दोन्हीकडून होकार आलाय. तिच्या हातातली पळी थांबली. तुला कसं कळलं, म्हणाली. म्हटलं, पत्र आलं. "थेट तुला? शिकलेली माणसं दिसतायत," म्हणाली आणि मुख्तार मामाला फोन करायला आत गेली. तो तिचा धाकटा भाऊ. घरातल्या प्रत्येक चांगल्या बातमीचं श्रेय आधी त्याच्याकडे जातं.

१२ नोव्हेंबर
मला भीती आब्बांची होती. आठवीत शाळा सोडलेला माणूस, ट्रंक रोडवर पत्रे विकायचं दुकान. म्हणतील, बी.ए. झालीस, पुष्कळ झालं. पण जेवताना म्हणाले, माय, खर्चाची काळजी तू करू नकोस, तुझ्यासाठी मी पहिल्यापासून बाजूला ठेवलंय. मी उठून आत गेले, रडले, परत येऊन जेवले. देशी कोंबडी होती.

१५ नोव्हेंबर
मामा न सांगता सगळी माहिती काढून आला. ढाका भाड्याच्या जागेत आहे. चितगावचं स्वतःचं, तीन मजली. हा मुद्दा महत्त्वाचा आहे, भाड्याच्या इमारतीतल्या विद्यापीठांवर सरकारचा डोळा असतो. ढाक्याचं मागे एकदा ठरून मोडलं होतं, हेही त्याने हळूच सांगितलं. मान्यतेबद्दल असणार. माहितीपत्रकात याचा उल्लेख नाही. मामाला उच्च शिक्षणातलं इतकं कळतं हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

आम्मा म्हणाली, चितगावची आई मात्र कडक आहे म्हणतात. शिक्षणसंस्थेला माता म्हणतात हे तिला ठाऊक आहे! मी म्हटलं, शिस्त मला आवडते. तिने मला जवळ घेतलं. म्हणाली, एकूण दोन्ही स्थळं चांगली आहेत, झिनुक. विद्यापीठाला स्थळ म्हणत नाहीत, हे तिला नंतर कधीतरी सांगेन.

१९ नोव्हेंबर
ढाक्याचं ग्रंथालय मोठं. चितगावला समुद्र. समुद्र हा निकष होऊ शकत नाही. खोडला. परत लिहिला.

आब्बा म्हणाले, ढाका दिसायला बरा, पण बोलतो फार. चितगाव शांत आहे. न शिकलेली माणसं शहरांविषयी सुद्धा किती जिवंत बोलतात. माझ्या प्रबंधात हे वापरीन.

२२ नोव्हेंबर
दोन्हीकडे फोटो पाठवायचा आहे म्हणे. मी पासपोर्टचा दिला. मामाने परत केला. यात तू पोलिसांना हवी असल्यासारखी दिसतेस, म्हणाला. मग स्टुडिओत गेलो. आम्माची निळी जामदानी साडी, उभी, कुंडीशेजारी, किंचित हसू. ओळखपत्रावर हे मावणार कसं, विचारलं. मामाने कुंडी आणखी जवळ सरकवली. नवी विद्यापीठं विद्यार्थ्याकडे संपूर्ण माणूस म्हणून पाहत असावीत.

२४ नोव्हेंबर
निर्णय झाला. सगळ्यांना बसवून सांगितलं: चितगाव. माझी तीन कारणं तयार होती, पण पहिल्यालाच आम्मा रडायला लागली आणि आब्बांनी खंडल गावच्या गरम मिठाया मागवल्या. गल्लीत वाटल्या. शेजारच्या रोशन चाची म्हणाल्या, स्वतःच्या तोंडाने सांगितलंस? आमच्या वेळी मान वर केली तर आई चिमटा काढायची.

मुलीच्या शिक्षणासाठी मिठाई वाटणारी गल्ली. देश बदलतो आहे आणि त्याची सुरुवात आमच्या घरातून झाली.

ढाक्याला लगेच नकार कळवला. सभ्य भाषेत.

२७ नोव्हेंबर
शुक्रवारी चितगावची माणसं घरी येणार. शिष्यवृत्तीआधी घर पाहतात, असं कुठेतरी वाचलं होतं. संशोधनाचा आराखडा लिहायला घेतला. विषय: ग्रामीण मुलींची निर्णयक्षमता.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार
आली. एक बाई, त्यांचे पती आणि सतरंजीकडे बघणारा एक तरुण. मी त्याला कारकून समजले. बाईंनी उंची विचारली. थोडं चालायला सांगितलं. ताटलीतला वाफवलेला भापा पिठा मी केला का, विचारलं. मी म्हटलं, नाही, मी आराखडा केला आहे, आणि वाचायला लागले. दुसऱ्या पानावर त्यांनी माझा हात घेऊन अंगठी घातली.

कारकून म्हणाला, "मी तौसिफ. बँकेत असतो. तुम्ही ढाक्याला नाही म्हणालात, फार बरं वाटलं."

आम्माला वाटलं होतं मामाने मला सांगितलंय. मामाला वाटलं होतं आम्माने.

३० नोव्हेंबर
नकार देणार. मुद्दे पाठ करून दुकानात गेले. आब्बा एका गवंड्याला पत्रा मोजून देत होते. त्याला म्हणाले, हीच ती माझी लेक. मग मला म्हणाले, माय, आमच्या घरात लग्नाचं कुठल्याच मुलीला विचारलं नव्हतं. तुझ्या आम्मालाही नाही. पण मी तुझ्या मामाला म्हटलं, माझी लेक शिकलेली आहे, तिच्यापुढे दोन्ही ठेवा, ती म्हणेल ते. आणि तू सगळ्यांसमोर स्पष्ट बोललीस. अख्ख्या बाजाराला सांगितलंय मी.

त्यांचे डोळे भरले होते. विद्यापीठाची पत्रं दाखवली तेव्हा त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, मग आता नाही म्हणतेस का? नाही म्हणालीस तर तसंही सांगतो.

मी म्हटलं, चहा घेते.

२ डिसेंबर
शांतपणे विचार केला. चितगाव ते चितगावच. तौसिफच्या घरापासून विद्यापीठ रिक्षाच्या अंतरावर. वसतिगृहाची कटकट वाचली. फोनवर अट घातली की मी शिकणार. तो म्हणाला, शिका की. आवाज खरोखरच शांत आहे. थोडक्यात, काहीच बदललेलं नाही, फक्त क्रम बदलला.

१३ डिसेंबर, शुक्रवार
निकाह झाला. तीनदा कबूल विचारलं, तीनदा स्पष्ट म्हणाले. रोशन चाचींनी परत कौतुक केलं.

२१ डिसेंबर
तौसिफ आनंदात घरी आला. बढती मिळाली. एक तारखेपासून मुख्य कचेरीत, ढाक्याला. घर बघून ठेवलंय, भाड्याचं. सासूबाईही येणार आहेत, ढाक्याच्या घरी शिस्त लागते म्हणाल्या.

ढाक्याच्या विद्यापीठाला फोन केला. तुमची जागा दुसऱ्यांना दिली, पुढच्या वर्षी अर्ज करा. चितगावला विचारलं, ढाक्यात राहून चालेल का? फोनवरची मुलगी हसली, मग माफी मागितली.

आम्माला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, वेडे, रडतेस कशाला, एकच मागत होतीस, नशिबाने दोन्ही मिळालं.