परतीच्या गाढवावरचं ओझं

कानेश, बर्फ वितळल्यावरचा पहिला तांडा

चि. नुहशात हिला थोरला दीर एलाली याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

या पत्राच्या पाटीची माती तीनदा मळली नि तीनदा हातातच वाळली. लिहिणं मी गाढवं राखता राखता शिकलो. कथील, कापड, गाढव एवढेच शब्द मला मातीत सरळ उमटवता येतात. तरी लिहितो. आपला इदी, माझ्या पाठचा भाऊ, गेला. मागच्या शरदात शेवटचा माल घेऊन इथे आला तो तापातच. बाराव्या दिवशी संपला. त्याच आठवड्यात घाट बर्फाने बंद झाले. चार महिने ही बातमी माझ्यापाशी पडून होती, आणि तू तिकडे अश्शूरला त्याची वाट बघत होतीस.

त्याला इथे, हतालाच्या घरात, जमिनीखाली ठेवलं आहे. लग्नाच्या करारात इथली दुसरी बायको तू मान्य केली होतीस, म्हणून तिचं नाव उघड लिहितो. तिने त्याचं करण्यात काही कमी केलं नाही.

जेवत जा. या म्हाताऱ्यावर रागवावंसं वाटलं तर खुशाल रागव, पण पत्र बंद करू नकोस.

तुझा
एलाली

---

अश्शूर, जव कापणीला आले आहेत

ती. भावोजी यांस नुहशातचे शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. वरचं मातीचं पाकीट फोडलं, वाचलं, तुकडे झाडून बाहेर टाकले. मग मागावर बसले. अर्धा हात कापड झालं त्या दिवशी.

शेजारणी येऊन माझ्या तोंडाकडे बघून जातात. रडले नाही म्हणून त्यांची निराशा होते. मी जेवते. जवाची भाकरी, कांदा. चव कळत नाही, पण पोटात जाते. हिवाळाभर मी मनात ह्यांच्याशी भांडत होते, पत्र का नाही म्हणून. ते भांडण कुणाशी होतं, याचा हिशेब लागत नाही.

एक मागणं आहे. आमच्या पोटी मूल नाही. अमावास्येला ह्यांच्या नावाने पाणी ओतायला माझ्याखेरीज इथे कोण? आणि मी ओतलं तरी ते इथल्या कोरड्या जमिनीत जाणार, आणि हे तर तिकडे. आतल्या खोलीत सासूबाईंना पुरलं आहे, त्यांच्या शेजारी मी खड्डा खणला आहे. दोघांना पुरेल एवढा. येता-जाता त्याला वळसा घालून जाते. ह्यांची हाडं पाठवा. हतालाबाईंशी वाद नको, पण पाठवा.

थोरल्यांची माया आहे तशी राहू द्यावी.

आपली
नुहशात

---

कानेश, द्राक्षं उतरवताना

चि. नुहशात हिला अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र घेऊन हतालाकडे गेलो. मला तिची भाषा येते, पण त्या दिवशी येत नसती तर बरं झालं असतं. तिने ऐकून घेतलं आणि मला विचारलं, की तुम्ही अश्शूरचे लोक कथील लादता तसा नवराही लादून नेता का. म्हणाली, आजारात पाणी तिने पाजलं, मेल्यावरही रोज तीच ओतते, तर तहानलेला कोण राहिला? मग जिथे त्याला ठेवलं होतं त्या जागी चटई अंथरून ती बसली. मी उंबऱ्यावर बसलो. माझे गुडघे तुला माहीत आहेत. बसलो तो तिच्या भावाने हात दिला तेव्हाच उठलो.

तीन दिवस मी जात राहिलो. तुझा खड्डा उघडा आहे एवढंच सांगत राहिलो. चौथ्या दिवशी गेलो तर चटई गुंडाळलेली होती आणि हताला स्वतः खणत होती. तिने हाडं धुतली, पुसली, लोकरीत बांधली. मग तांडा कोणत्या दिवशी, कोणत्या वेशीतून निघतो ते विचारलं. निरोप द्यायचा असेल म्हणून मी सांगितलं.

तुला ठाऊक आहे, इथे आलेली गाढवं आम्ही इथेच विकतो, परतीला थोडीच ठेवतो. इदीसाठी माझं जुनं काळं गाढव देतो आहे. त्याला कुणी घेत नाही, मलाही कुणी घेत नाही, म्हणून आमचं जमतं. जकातनाक्यावरचे लोक गाठोडं उकलतील. उकलू देत. या मालावर त्यांना काय घ्यायचं सुचतं ते मलाही बघायचं होतं.

गाढवाला दोन दिवस विसावा दे, आणि माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा
एलाली

---

अश्शूर, घाट बंद व्हायच्या आतला शेवटचा तांडा

ती. भावोजी यांस शि. सा. न. वि. वि.

गाढव पोचलं. मागचा डावा पाय दुखावला होता, आता बरा आहे. ह्यांना आतल्या खोलीत ठेवलं, माती लोटली, पाणी ओतलं. मला वाटलं होतं, त्या वेळी काहीतरी होईल. काही झालं नाही. हात धुतले.

गाढवामागून एक बाई चालत आली. तांड्याचा नायक म्हणाला, कानेशच्या वेशीपासून ती अशीच मागे आहे. हाकललं तर थांबायची, तांडा हलला की पुन्हा चालायची. तिच्या पायांना चिंध्या बांधल्या होत्या. नाव विचारावं लागलं नाही.

पाच दिवस ती दाराबाहेर बसून आहे. आत डोकावत नाही. पहिल्या दिवशी मी दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी पाणी दिलं. ती अर्धं प्यायली आणि अर्धं तिने माझ्या उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, जमिनीवर ओतलं. मी ओरडले नाही. राग शोधला, सापडला नाही. काल माझी लोकर उन्हात होती, ती न विचारता कातायला बसली. सूत माझ्यापेक्षा बारीक आहे.

आता इकडे थंडी पडते. मी हाताने खुणा करते, ती मान हलवते, समजते की नाही कळत नाही. तर तिच्या भाषेत 'आत येऊन नीज' कसं म्हणतात, तेवढं मला समजेल असं लिहून पाठवा. तुमचं उत्तर बर्फ वितळल्यावरच येणार, हे मला माहीत आहे. तोवर दार लावत नाही.

पत्र पाठवण्याची माया ठेवावी.

आपली
नुहशात