केसपेपरावरचा मर्व्ह टली

३ मार्च
नर्सिंग कॉलेजात काम मिळालं! पलंगावर पडून कण्हायचं आणि मुलींनी सराव करायचा. दुपारी खायला मीट पाय, म्हणजे खिमा भरलेली पेस्ट्री, फुकट. न्यू साउथ वेल्सभर मेंढ्या भादरण्यात जन्म गेला, आता लोळायचे पैसे! बायको, बेरिल, गेल्यापासून घर खायला उठतं, ते तरी टळेल. रुग्णाचं खोटं नाव मात्र ध्यानात राहीना. हाक मारली तरी मी ओ देईना. ग्लेनिसबाई शिकवतात. त्या म्हणाल्या, जाऊ दे रे मर्व्ह, तुझ्या कण्हण्यापेक्षा तुझं विसरणंच खरं वाटतं. मग कॉम्प्युटरवरच्या सरावाच्या केसपेपरात त्यांनी माझंच नाव घातलं. जन्मतारीखही माझीच.

५ मार्च
आजार बाई ठरवतात. थर्मामीटर नुसता लावायचा. आकडा बाई पडद्यावर टाकतात आणि मुलींची धावपळ उडते. आज ताप टाकला. तालेई म्हणून फिजीची मुलगी आहे, तिनं कपाळाला हात लावला आणि दचकली. म्हणाली, अंकल, तुम्ही तर खरेच तापलात! वारा लागला असेल.

१० मार्च
पडद्यावर पायाला सूज. माझा बूट निघेना. बाईंना म्हटलं, माझं नाव काढा हो. त्या हसल्या. मुलींचे गुण त्या केसपेपराला जोडलेत, सत्र संपू दे म्हणाल्या. मी काम सोडलं. बरं, तुझ्या जागी सरावाचा प्लास्टिकचा पुतळा झोपवते, म्हणाल्या. सुटलो.

१२ मार्च
सुटलो नाही. घरात चहा पीत होतो आणि दंडात सुई टोचली. तालेईला फोन केला. ती म्हणाली, आत्ताच पुतळ्याला इंजेक्शन दिलं. नाव अजून तुमचंच आहे, अंकल.

१३ मार्च
डॉक्टर म्हणाले, काही नाही, एकटे राहता म्हणून मनाचे खेळ. बाई फोन उचलत नाहीत. उद्याचा धडा मृत्यूचा — तालेईनं सांगितलं. एकीनं नोंद लिहायची, दुसरीनं सही करायची, मगच ती पक्की. दुसरी तालेईच. रडलो. सही करू नकोस म्हटलं.

१४ मार्च
छाती — पुतळ्याची दाबतायत — बरगडी मोडली माझी —
थांबले. नोंद लिहिली. तालेईनं फोन चालू ठेवलाय. ऐकतोय, लिहितोय. पाय गार.
ती म्हणतेय, मी नाही करणार सही. मागे हशा. बाई ओरडतायत, अगं वेडे, प्लास्टिक आहे ते! नापास व्हायचंय का?
नाही म्हणाली. पुन्हा नाही म्हणाली. गुणाची पोर —
दुसरी कोणीतरी — सरक गं, मी कर