अक्का मार्क कुंकवाच्या डबीवरील माझ्या चेहऱ्याबाबत

मी, अनुसूयाबाई, कोम कैलासवासी नरसिंगराव हवालदार, वय वर्षे पन्नास, धंदा कुंकू करणे, राहणार चामराजपेट, बंगळूर, राज्य म्हैसूर, आज हा कागद राजीखुशीने व शुद्धीवर राहून लिहीत आहे. मजकूर माझा आहे. कायद्याचे शब्द वकील विश्वेश्वरराव यांनी घातले. डॉक्टरांनी छातीच्या दुखण्यावर जिने चढू नका एवढेच सांगितले आहे. डोके ठीक आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. मात्र माझ्या मृत्यूचा एक कागद यापूर्वी दुसऱ्यांनी केलेला आहे. त्याबद्दल पुढे येईलच.

कलम १. चामराजपेटेतील दोन खोल्यांचे घर, मागच्या अंगणासह, मुलगा अरविंद यास द्यावे. घर त्याच्या वडिलांनी बांधले. याच अंगणात आम्ही दोघांनी सन १९३६ मध्ये कुंकू करायला घेतले. हळकुंडे लिंबाच्या रसात किती दिवस ठेवायची, टाकणखार किती, तुरटी किती, हे माझ्या माहेरचे ज्ञान. पेठेत जाऊन विकणे त्यांचे. शेजारपाजारच्या बायका मला अक्का म्हणत, म्हणून डबीचे नाव अक्का मार्क ठेवले. सन १९३८ मध्ये त्यांनी मला अव्हेन्यू रोडवर नेऊन फोटो काढवला. मी चोवीस वर्षांची होते. नथ सासूबाईंची होती. कपाळावर आमचेच कुंकू, रुपयाएवढे. छापखान्यासाठी त्या फोटोचा ठसा केला.

कलम २. सदर ठसा, उखळ, दोन्ही चाळण्या, वस्त्रगाळाची कापडे व तांब्याची परात ठकुबाई हिला द्यावी. ती वीस वर्षे माझ्याबरोबर हळद कांडते आहे. तिचे नाते कोणी विचारू नये.

कलम ३. माझे मोठे दीर भीमसेनराव यांना मी काहीही देत नाही. कारण लिहिणे भाग आहे.

सन १९४९ च्या आषाढात माझे यजमान विषमज्वराने गेले. माझे कुंकू पुसले. धंदा भीमसेनरावांनी हाती घेतला. चौदाव्या दिवशी ते म्हणाले, "अनुसूया, माल तूच कर, तुझ्या हाताचा रंग कुणाला येत नाही. पण पुढच्या दाराशी दिसू नकोस. गिऱ्हाइकाला कळलं तर डबीला कोण हात लावील?" मी सरी, बरे, म्हटले. मुलगा चौदा वर्षांचा होता. पुढे यशवंतपूरला कारखाना झाला. स्टेशनाबाहेर माझ्या चेहऱ्याची पाटी लागली, माणसापेक्षा उंच. मी पदर कपाळावर ओढून त्या पाटीखालून कामाला जात असे. अशी मी दहा वर्षे गेले. एकाही माणसाने वर बघून खाली बघितले नाही.

सन १९५९ च्या अखेरीस यंत्रे आली, माझे प्रमाण मुनिमाने वहीत उतरवून घेतले, आणि मला घरी बसायला सांगितले. अरविंद तेव्हा तिथेच जाहिराती व पाट्या बघत होता. तो राहिला. मी हरकत घेतली नाही. पण रिकामे बसणे मला जमले नाही. जुना ठसा माझ्या ट्रंकेत होता. ठकुबाईही कारखाना सोडून आली. आम्ही अंगणात पुन्हा उखळ मांडले आणि थोड्या डब्या काढल्या. ठसा तोच, चेहरा माझा, नाव फक्त अक्का.

सन १९६२ च्या फेब्रुवारीत, सकाळी, शेजारच्या विमलाबाई वर्तमानपत्र घेऊन धावत आल्या. "अक्का, हे बघा स्वल्प." अर्ध्या पानाची जाहिरात होती. दोन डब्या शेजारी शेजारी. दोन्हींवर मी. एकीखाली लिहिले होते 'खरी अक्का', दुसरीवर काळी फुली मारून 'खोटी अक्का. नकलेपासून सावध.' फुली माझ्या तोंडावरून गेली होती. मी चुलीपुढे बसले होते. दूध उतू गेले ते मला वासाने कळले.

चार दिवसांनी कोर्टाचा समन्स आला. नोंदणी झालेल्या चिन्हाची नक्कल करून गिऱ्हाइकांना फसवल्याचा भीमसेनरावांचा माझ्यावर दावा होता.

मी विश्वेश्वररावांकडे गेले. म्हणाले, "बाई, नवा कायदा आलाय. चिन्हावर माणसाचा चेहरा असेल तर त्याची लेखी संमती लागू शकते. तुम्ही सही दिली होती?"

"मला कुणी विचारलंच नाही."

"मग नोंद झाली कशी?"

त्यांनी मुंबईच्या नोंदणी कार्यालयातून नकला मागवल्या. सव्वा महिन्याने आल्या. त्या दिवशी ते मला बसा म्हणाले, आपण मात्र उभे राहिले. कागद इंग्रजीत होता. त्यांनी वाचला, मग मराठीत सांगितले: चित्रातील स्त्री सन १९४९ च्या चैत्रात, नवऱ्याच्या आधी, अहेव मयत झाली. मयत होऊन वीस वर्षे झाली नसल्याने वारसाची संमती जोडली आहे.

"वारस कोण?" मी विचारले.

त्यांनी कागद माझ्यापुढे फिरवला. सही अरविंदची होती. 'अ'चे शेपूट तो लहानपणापासून लांब काढतो. मीच पाटीवर हात धरून गिरवून घेतलेले अक्षर ते. तारीख मार्च १९६० ची. त्या वर्षी तो रोज दोन्ही वेळा माझ्या हातचे जेवत होता.

मी ऑफिसातून कशी उतरले, घरी कशी आले, हे मला आजही आठवत नाही. ठकुबाई सांगते की मी दारातच उभी होते आणि आत येऊ का, असे तिला विचारत होते.

अरविंद संध्याकाळी आला. मी कागद दाखवला. 

"काका म्हणाले, फक्त चित्रापुरतं आहे," तो म्हणाला.

"चित्रापुरती मेले?"

"आई, डबीवरची बाई विधवा आहे हे बाहेर कळलं असतं तर धंदा बसला असता. अहेव गेली म्हटलं तर उलट बायका नमस्कार करतात. तुला काय कमी होणार होतं?"

"आणि आज जेवायला कुणाच्या हातचं बसणार आहेस?"

तो उठून गेला आणि यशवंतपूरला राहू लागला.

वकिलांनी नोंद रद्द करण्यासाठी अर्ज केला. सन १९६३ च्या ऑगस्टात मी मुंबईला गेले, आयुष्यात पहिल्यांदा. समोरच्या वकिलांनी सांगितले की ही बाई म्हणजे कुणी सारख्या तोंडवळ्याची नातेवाईक आहे, मूळ बाई वारली. माझ्यासमोर, माझ्याकडे बोट करून. अधिकारी शांत गृहस्थ होते. त्यांनी जुना फोटो माझ्या तोंडाशेजारी धरला, हनुवटीवरचा तीळ पाहिला, आणि संमती देणाऱ्यास उभे करा म्हणाले. अरविंद उभा राहिला.

"या बाई कोण?"

पंखा फिरत होता. भीमसेनराव त्याच्याकडे बघत होते. 

"माझी आई," तो म्हणाला.

नोंद रद्द झाली. इथला दावाही पुढे उरला नाही. अरविंदची नोकरी त्याच आठवड्यात गेली. भीमसेनरावांनी चित्रकाराकडून कुणाचीच नसलेली एक बाई काढून घेतली आणि दोन महिन्यांत सगळ्या पाट्या बदलल्या. त्यांचा माल पूर्वीइतकाच खपतो. यात न्याय कुठे आहे ते मला सापडलेले नाही. त्यांनी माझ्या दिवसांना येऊ नये. त्यांच्या कागदाप्रमाणे ते दिवस पंधरा वर्षांपूर्वी होऊन गेले.

कलम ४. अरविंद हल्ली दुकानांच्या पाट्या रंगवतो. रविवारी येतो, जेवतो. मी त्याच्याशी बोलते. पण वाढताना अजूनही माझा हात मध्येच थांबतो, आणि त्याला ते दिसते. मी त्याला क्षमा केली असे इथे लिहावे असे वकिलांनी सुचवले. ते अजून खरे नाही, म्हणून लिहीत नाही. तरी घर त्याचेच. मुंबईला एकदा त्याने खरे सांगितले, आणि त्याची किंमत दिली. तेही माझ्या स्मरणात आहे.

कलम ५. माझ्या मृत्यूनंतर वीस वर्षांपर्यंत माझ्या चेहऱ्याबाबत संमती मागायला लोक वारसाकडेच येतील. म्हणून अरविंदला माझी स्पष्ट आज्ञा आहे: कोणालाही, कोणत्याही मालासाठी, सही देऊ नये. ठकुबाईलासुद्धा नाही. कलम २ मधील ठसा तिने फोडून त्याचे तांबेपितळ विकावे. हे मी तिला सांगितले तेव्हा ती घाबरली. "मग डबीवर कोण, अक्का?"

"तू."

"माझं तोंड बघून कोण कुंकू घेईल?"

"कांडतंय कोण?"

तिच्या नवऱ्याचा पंधरा वर्षे पत्ता नाही. ती कुंकू लावते. ते का, हे विचारण्याचा अधिकार गिऱ्हाइकाला नाही, अरविंदला नाही, मलाही नाही. तिच्या संमतीचा कागद वकिलांनी आधीच केला आहे. तो तिला दोनदा वाचून दाखवला, दुसऱ्यांदा कानडीत, आणि मगच तिने अंगठा केला. फोटो काढायला अरविंद तिला घेऊन गेला होता. काल आणला. ठकुबाईने डोळे ताणले आहेत, पदर एका बाजूने घसरला आहे. ती म्हणते, हसायचे की नाही ते कुणी सांगितलेच नाही. हाच फोटो छापावा. दुसरा काढू नये.

वरील मजकूर मी स्वतः वाचून, समजून, खालील साक्षीदारांसमक्ष सही केली. ज्यांना यात काही मिळते त्यांची साक्ष घेतलेली नाही.

सही: अनुसूयाबाई हवालदार

साक्षीदार:
१. विमला, शेजारीण. बाईंनी सही करताना चष्मा मागितला, तो मी दिला.
२. नागनाथ, वकिलांचे कारकून. बाईंनी माझ्यासमक्ष सही केली व शाई वाळेपर्यंत कागद हाताखालून सोडला नाही.

मुक्काम बंगळूर, तारीख १४ सप्टेंबर १९६४.