बाहेरचा बाक

प्रिय दादा,

बाबा बरे आहेत, हे आधी सांगते. नाहीतर माझं अक्षर पाहूनच तू वाईट बातमीची तयारी करशील. जेवतात, चालतात, माझ्या चहाला नावं ठेवतात. फक्त हल्ली दिवेलागणीला ते घरात नसतात. माझ्या शेजारी बसलेले असतात, पण कॉलेजात असतात.

जेवणाचं टेबल त्यांनी भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध आणलंय. एका बाजूला तीन खुर्च्या, समोर एक. मधल्या खुर्चीत ते स्वतः, इस्त्रीचा शर्ट घालून. डावीकडे मी. मला ‘मॅडम’ म्हणतात, अहो-जाहो करतात. पहिल्या दिवशी मला हसू आलं. माझी वटवट ऐकून तू मला वकीलबाई म्हणायचास ना, आता थेट चौकशी समितीवर बढती मिळाली. दुसऱ्या दिवशी कोणाची चौकशी आहे ते कळलं आणि हसू गेलं.

याच टेबलावर त्यांनी आपल्याला न्याय शिकवला. वर्गात राज्यशास्त्र म्हणून सांगायचे तेच घरी केकवर. जो कापेल त्यानं शेवटचा तुकडा उचलायचा. तू पट्टी घेऊन बसायचास आणि आई म्हणायची, तुमचा न्याय होईपर्यंत केक शिळा होईल. आपण कोणत्या घरात जन्मणार हे ठाऊक नाही असं समजून नियम करा, मग कोणावर अन्याय करायला धजणार नाही, असं ते सांगायचे. प्रेमावर घर चालतं, समाज नाही. ज्याच्यावर आपलं प्रेम नाही त्यालाही तेच माप मिळतं, म्हणून अनोळखी माणसं एका गावात नांदतात. मला हे आजही पटतं. त्रास होतो तो त्यामुळेच.

तुझ्या कॉपीच्या प्रकरणाबद्दल आपल्याकडे कधी कोणी अवाक्षर काढलं नाही. समितीचे अध्यक्ष बाबा होते, तुझ्याबरोबर पकडलेला तुझा मित्र पुढच्या वर्षी परीक्षेला बसला आणि तुझं नाव कॉलेजातून कायमचं काढलं, एवढंच मला ठाऊक. लोक अजून मला रस्त्यात थांबवून सांगतात, काय माणूस, पोटच्या पोराचीही गय केली नाही. मी मान डोलावते. का डोलावते, कोण जाणे.

उरलेलं आता कळतंय, रोज थोडं थोडं. बाबा आधी तुझ्या मित्राला आत बोलावतात. तो रडतो, असं दिसतं. कारण ते माझ्याकडून पाण्याचा ग्लास मागून घेतात आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे सरकवतात. मग उजवीकडच्या खुर्चीतल्या कोणालातरी समजावतात, ‘दुसऱ्याला बोलवायची गरज नाही. माझा मुलगा आहे. तो काय सांगेल ते मला माहीत आहे.’ एवढं बोलून दाराकडे बघत राहतात. दाराबाहेर, त्यांच्या लेखी, तू बाकावर बसलेला असतोस.

म्हणजे तुला आत बोलावलंच नव्हतं, दादा. मी समजत आले, की तू आत गेलास आणि सवयीप्रमाणे तोंड मिटून बसलास. आई गेली तेव्हा तू जिन्यातच थांबलास, तेही मला तुझा हट्ट वाटला होता. आत ये म्हणायला बाबा उठले नव्हते, हे तेव्हा माझ्या डोळ्यांसमोरच घडलं होतं.

परक्याचं पोर असतं तर त्याला त्यांनी बोलू दिलं असतं. तुला परक्यासारखं वागवायला निघाले आणि परक्याचा हक्कसुद्धा दिला नाही. शिक्षा कदाचित बरोबरही असेल. तू कॉपी केली होतीस का, हे मी विचारलं नव्हतं, आताही विचारत नाही. ऐकून घेतलं जाण्यासाठी आधी निर्दोष ठरावं लागत नाही, हेही याच टेबलावर शिकले.

या आठवड्यात मात्र काहीतरी बदललंय. ‘गरज नाही’पर्यंत येतात आणि वाक्य अर्धवट सोडून उठतात. दार उघडतात. जिना रिकामा असतो. ते एका अंगाला सरकून, दार धरून उभे राहतात, आत येणाऱ्याला वाट द्यावी तसे. पडदा हलतो, आणि खरं सांगते, मीही मान वळवून बघते. शेवटी हाताला धरून त्यांना परत आणते. काल थकून मी म्हणाले, सर, निकाल देऊन टाका. वर्गात कोणी चुकीचं उत्तर दिल्यावर बघायचे तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘मॅडम, दुसरी बाजू ऐकलेली नाही. निकाल कसा देणार?’

ज्याच्यावर अन्याय झाला त्यानंच प्रवास करून यायचं, हे कुठल्याही न्यायात बसत नाही, मला कळतं. ते तुला ओळखतील याचीही खात्री देता येत नाही. नाही आलास तर तुझ्या वतीनं मी काही बोलणार नाही. तो अधिकार माझा नाही. पण त्या दिवशी बोलावणं आलं नाही म्हणून तू अजून बाहेरच बसला असशील, तर ते आलंय, एवढं कळवायला हे पत्र. टेबल मी जागचं हलवलेलं नाही. पाण्याचा दुसरा ग्लास भरून ठेवते. संध्याकाळी दार उघडं असतं, आणि बाबा ते धरून उभे असतात.

तुझीच,
वकीलबाई