चौकीचा वाटा

प्रिय आई,

उद्या आपल्या वसाहतीतल्या आम्ही बायका पालघरला अर्ज द्यायला निघालोय. त्याआधी तुला एक विचारल्याशिवाय राहवेना. चौकीत मासे पोचवायची ही रीत तूच सुरू केलीस का गं?

तू गेल्यावर शेजारच्या शेवंतानं वाटा द्यायला नकार दिला. टोपली मांडून रस्ता अडवते म्हणून तिला दिवसभर चौकीत बसवून ठेवलं. बाहेर टोपलीतले बोंबील उन्हात नासले. आम्ही तक्रार केली, तर चौकशीला कोण आलं सांगू? वाटा न्यायला येतो तोच हवालदार!

"तुमच्याकडून मासे कोण घेतं?" त्यानं गंभीर चेहऱ्यानं विचारलं.

"तुमीच की!" नमूकाकी म्हणाली. आणि तो निघताना सवयीनं तिनंच त्याच्या हातात सुकटीची पिशवी ठेवली! त्यानंही घेतली. हसावं की रडावं?

म्हणून आता चौकीशी काही संबंध नसलेल्या, बाहेरच्या माणसांकडून चौकशी मागतोय.

पण त्या दिवशी जाता जाता हवालदार मला म्हणाला, "आम्ही कधी मागितलं? आज हिचा वाटा, उद्या तिचा, हे तुझ्या आईनंच लावून दिलंय."

खरं आहे? लहानपणी तू मोठं पापलेट बाजूला काढायचीस. "चौकीचं आहे, हात लावू नको." मला वाटायचं, तिथे कुठला तरी देव बसत असेल! आपल्या ताटात मात्र मांदेली. फार राग यायचा तुझा. तू घाबरून देत होतीस, की एकाच बाईला रोज छळू नये म्हणून वाटून दिलंस? शेवंताचा नवरा बोटीवरून परतला नाही, तेव्हापासून तिचाही वाटा आपल्याच टोपलीतून जायचा म्हणे. हे मला नमूकाकीकडून आत्ता कळतंय. तू का नाही सांगितलंस?

"तुझ्या आईचं नाव नको काढू गं," नमूकाकी विनवते. "गेलेल्या माणसाला कशाला ओढतेस?" पण तुला वगळलं, तर ती चौकशी कसली?

आई, बाहेरचे साहेब येतील तेव्हा पहिलं नाव तुझंच सांगेन. तू आमच्यासाठी काय केलंस तेही सांगेन. आणि ते निघताना नमूकाकीचे हात धरून ठेवेन. पिशवी नाही, साधा चहासुद्धा नाही. आल्या माणसाला कोरडं पाठवलं म्हणून तू रागावशील.

रागाव.

तुझीच,
सुरेखा