आधी फोन कुणी करायचा

१२ मार्च १९९४, डब्लिन (अमेरिकेतलं)
दुपारी टीव्हीवर जुना इंग्रजी सिनेमा. एक पोर आजारी, तिला जुळणारं रक्त मिळेना, म्हणून पोलीस अख्खं लंडन पालथं घालतात. मी म्हटलं, "उपासना, पोरीचा जीव टांगणीला, आणि हे मेले मध्येच चहा पितात बघ!" सूनबाई पोट धरून हसली. आठवा महिना — दोन्ही हातांनी धरावं लागतं.

१५ मार्च
सिनेमा घरातच आला. उपासनाची वार खाली सरकलीय. ऑपरेशन करूनच बाळ काढायचं, रक्त पुष्कळ जाणार. आणि हिचं रक्त जगावेगळं निघालं — 'बॉम्बे' गट म्हणे. हजारोंत एखाद्याचं. दुसरं कुठलंच चालत नाही. डॉक्टरीण म्हणते, लवकर शोधा, मध्येच रक्त जायला लागलं तर आई-बाळ दोघंही हातची जातील.

जेवण कुणालाच गेलं नाही.

१६ मार्च
कुशल — माझा लेक — फोनला चिकटलाय. सगळी मराठी मंडळं झाली. हर्नडनच्या मंडळाचे दिगंबरराव म्हणाले, "मावशी, आमचं खानदान गिरगावातलं. शुद्ध बॉम्बे!" माणूस मोठ्या मनाचा. डोकं बेताचं.

१७ मार्च
डॉक्टरिणीने विचारलं, सख्खं भावंड आहे का? तिथेच आशा जास्त. कुशल छताकडे बघतो, उपासना जमिनीकडे. आहे की! बुद्धभूषण. हिचा थोरला भाऊ, इथेच अमेरिकेत चँडलरला इंजिनियर. या दोघांच्या लग्नात स्टेजवर त्याचं नाव पुकारायचं राहिलं, तेव्हापासून अबोला. मानपान नको म्हणून बौद्ध पद्धतीने साधं लग्न लावलं. हुंडा नाही, आहेर नाही. रुसवा मात्र वाजतगाजत!

"आई, त्याने आधी फोन करायला हवा," — कुशल.
"मरेन, पण दादाला फोन नाही करणार," — ही!
मी म्हटलं, "आणि मेलीस तर? तेव्हाही त्यानेच आधी करायचा का?"

काखेत कळसा आणि अमेरिकेला वळसा. शेवटी मीच लावला. नंबर बाईसाहेबांना तोंडपाठ होता, बरं का!

"जय भीम, मावशी." मी सांगू लागले. रक्ताचं नाव निघालं मात्र, म्हणाला, "कळलं. कुठे द्यायचं?" जुळतं की नाही, हेही विचारलं नाही. तिरसट!

२० मार्च
रक्त विमानाने आलं, बर्फाच्या डब्यात. मामा आला नाही. सुंभ जळला तरी पीळ कायम.

२१ मार्च
मुलगी! दोघी सुखरूप. आणलेलं रक्त सगळं लागलं. न्हाणीघरात नळ सोडून रडले.

२४ मार्च
बुद्धभूषणचा फोन. स्वतःहून. "मावशी, माझ्या पाठीचं ऑपरेशन जुळत्या रक्तावाचून वर्षभर अडलंय. माझं रक्त असलं आहे, हे तेव्हाच कळलं. डॉक्टर म्हणाले होते, बहिणीलाही तपासून घ्यायला सांगा."
"मग सांगितलं का नाहीस, बाबा?"
"तिने आधी फोन करायला हवा होता ना."